परत गेलेली दोन पाकिटं

कंपनी बुडाली तर पद्माक्कांना अकरा लाख रुपये मिळणार होते. कंपनी वाचली तर दर दिवाळीला शंभर-सव्वाशे माणसांचा चिवडा परतण्याचा मान, आणि तो त्यांच्याकडं गेली तीस वर्षं होताच. इतका सरळ हिशेब मी क्वचितच कुणाला समजावून सांगितला असेल. कोऱ्या कागदावर पेन्सिलीनं आकडे मांडत मी सतरंजीवर बसलो होतो आणि समोर आक्का उकडलेल्या शेंगा सोलून, दाणा वाटीतल्या मिठाला लावून खात होत्या.

"अकरा म्हणजे नक्की अकरा?"

"सरकारी खर्च, बँक, कामगारांची देणी, सगळं जाऊन. जमिनीला भाव बरा आला तर थोडे जास्तच."

"तुमची फी?"

"ती धरून."

"मग बरोबर असणार. स्वतःची फी धरलेला हिशेब माणूस दोनदा तपासतो."

मी हसलो. दारात उभा असलेला सुकुमार हसला नाही.

"आत्या, मीठ कमी कर. डॉक्टरांनी सांगितलंय ना?"

"सांगितलंय की. कमी करून झालं म्हणजे तुला कळवते."

ही गोष्ट नव्वद सालच्या जानेवारीतली, सांगलीतल्या गणपती पेठेतली. आलासे लॉक वर्क्स प्रायव्हेट लिमिटेडचा मी ऑडिटर. 'गजराज' छापाचं पितळी कुलूप सोलापूरपासून हुबळीपर्यंत दुकानादुकानांत टांगलेलं असायचं, ते यांचं. अण्णा आलासेंनी कारखाना काढला तेव्हा त्यांच्याकडं भांडवल म्हणून एक थोरली विधवा बहीण होती आणि तिच्या पाटल्या होत्या. पाटल्या मोडून पत्रा कापायचा पहिला प्रेस आला. त्या बदल्यात अण्णांनी बहिणीच्या नावावर जवळजवळ एक तृतीयांश शेअर लिहून दिले आणि पुढं एका पैशाचा लाभांश वाटला नाही. उरेल ते मशिनीत घालायचं, ही त्यांची पद्धत. बहिणीनं कधी विचारलं नाही. मी विचारलं, तेव्हा अण्णा म्हणाले होते, "आक्काला कळतंय. तुम्हाला कळायला वेळ लागेल."

कारखाना पुढं माधवनगर रस्त्याला गेला. सरकारदरबारी मात्र कंपनीचं नोंदणीकृत कार्यालय म्हणजे पेठेतल्या कासाराच्या दुकानावरच्या माडीतल्या याच दोन खोल्या राहिल्या. खोल्या कंपनीच्या मालकीच्या, राहायला आक्का, आणि दारावर पत्र्याची पाटी. दिवाळी पाडव्याला नव्या वर्षाचं पहिलं कुलूप आक्कांच्या हातून उघडायचं, मग सगळ्या कामगारांनी जिना चढून चिवडा-लाडू घ्यायचा, अशी रीत होती. अण्णा जाऊन सात वर्षं झाली होती. आता मालक त्यांचा मुलगा सुकुमार. शर्टावर टाय लावणारा पेठेतला पहिला आलासे.

कंपनीवर म्हणण्यासारखं कर्ज नव्हतं. दरवर्षी नफा होता. तरीही हायकोर्टानं ती बुडीत ठरवून गुंडाळायचा हुकूम काढला होता, आणि तो कायद्याप्रमाणे अगदी बरोबर होता.

झालं होतं असं. मुंबईच्या एका पितळवाल्यानं वाईट पत्रे पाठवले. सुकुमारनं त्याचे चाळीसेक हजार अडवले. त्यानं वकिलाकडून रजिस्टर नोटीस धाडली की तीन आठवड्यांत पैसे द्या, नाहीतर तुमची ऐपत नाही असं धरू. पाकीट नोंदणीकृत पत्त्यावर आलं आणि 'घेण्यास नकार' असा शेरा घेऊन परत गेलं. पुढल्या जूनमध्ये कोर्टाचं पाकीट आलं, तेही तसंच परत. कायद्याच्या लेखी नाकारलेलं पाकीट हे वाचलेलं पाकीट असतं. कोर्टात कुणी उभं राहिलं नाही, न्यायमूर्तींनी सही केली, आणि दिवाळी संपता संपता सरकारी लिक्विडेटर येऊन कुलपाच्या कारखान्याला सील ठोकून गेला. त्यानं फाटकाला लावलेलं कुलूप अलिगढचं होतं. पगार थांबल्याचं कामगारांनी सोसलं. ते कुलूप बघून मात्र फाउंड्रीतला एक म्हातारा रडला, असं मी ऐकलं.

सुकुमारनं धावपळ केली. पितळवाल्याचे पैसे व्याजासकट तोंडावर मारले. बँकेनं लिहून दिलं, बाकीच्या देणेकऱ्यांनी लिहून दिलं. मुंबईचे वकील देवस्थळी यांनी हुकूम मागं घ्या म्हणून अर्ज केला. त्यासोबत सुकुमारचं प्रतिज्ञापत्र होतं: दोन्ही पाकिटं वयोवृद्ध, अशिक्षित आत्येनं अजाणतेपणी परत केली, मला पत्ताच नव्हता.

न्यायमूर्ती जुने होते. त्यांनी कागद वाचले आणि देवस्थळींना विचारलं, की ज्या बाईंनी पाकिटं परत केली, त्यांनाच कंपनी बंद झाल्यावर मोठी रोख रक्कम मिळणार आहे, हे तुमच्या लक्षात आलंय का? त्यांची संमती मला कागदावर नको. सोमवारी त्यांना घेऊन या. त्या डगमगल्या, किंवा यात काही लपवाछपवी आहे असं दिसलं, तर मी लिलावाची तारीख देतो.

म्हणून शुक्रवारी दुपारी मी आणि सुकुमार माडीवर आलो होतो.

"तू आधी आत ये," आक्का म्हणाल्या. "उंबऱ्यावर उभं राहून वसुलीवाला बोलतो."

सुकुमार आत आला, पण बसला नाही. "आत्या, कोर्टात एवढंच सांगायचं. मला वाचता येत नाही, पोस्टमन आला, मी परत जा म्हटलं. आणि कंपनी चालू व्हायला माझी ना नाही. संपलं."

"मला वाचता येत नाही?"

"वकिलांनी तसं लिहिलंय. बरं दिसतं."

"कुणाला?"

सुकुमारनं माझ्याकडं पाहिलं. मी पेन्सिलीकडं.

"पेठेत काय बोलतात ठाऊक हाय मला," आक्का शेंग फोडत म्हणाल्या. "खालचा कासार बांगड्या भरता भरता बायकांना सांगतोय, माडीवरची म्हातारी गप्प बसून अकरा लाखाची धनी झाली. परवा भाजीवाली विचारत होती, आक्का, एवढ्याचं करणार काय? हळबे, तुम्हाला काय वाटतं? मी केलं असेन मुद्दाम?"

"मला वाटत वगैरे नाही. मी बेरीज करतो."

"मग बेरीज काय म्हणते?"

"बेरीज म्हणते, केलं असणार."

आक्का इतक्या मोकळ्या हसल्या की सुपातली टरफलं उडाली. "बघ सुकुमार, तोंडावर बोलणारा एक तरी हाय."

मग त्यांनी अण्णांच्या वेळचं सांगितलं. कंपनी नवी होती, देणेकरी फार. रजिस्टर पत्र आलं की ते वाईटच असायचं. अण्णांनी बहिणीला सांगून ठेवलं होतं, रजिस्टर आलं की म्हणायचं, मालक गावाला गेलेत. आक्कांनी किती पाकिटं परत पाठवली असतील याची मोजदाद नव्हती. "पोस्टमन बदलले, अण्णा गेला. मला कुणी सांगितलं नाही की आता पत्रं घ्यायची म्हणून."

मला हे पटलं. म्हणजे, बेरजेत एक घर रिकामं होतं ते भरलं. मी कागदाची घडी घातली.

"येते मी सोमवारी," आक्का म्हणाल्या. "बोलायचं काय ते मात्र माझं मी बघेन."

सुकुमारचा चेहरा पडला. जिना उतरताना तो मला म्हणाला, "साहेब, त्या काहीही बोलतील. वयाचा भरवसा नाही."

मला भरवसा वयाचा नव्हता, अकरा लाखांचा होता. त्या रकमेनं शहाणीसुरती माणसं ऐन वेळी गडबडलेली मी पाहिली होती.

रविवारी सकाळी गाडी आली तेव्हा आक्का पिशवी घेऊन तयार होत्या. त्यांनी दाराला कुलूप लावलं, ओढून बघितलं, आणि मग ते फिरवून किल्लीचं भोक भिंतीकडं केलं.

"हे कशाला?" मी विचारलं.

"धूळ जात नाही आत. अण्णानं शिकवलंय. आमच्या घरात कुलूप असंच लावायचं. किल्ल्या दोन, एक माझ्या कमरेला आणि एक याच्याकडं." त्यांनी हनुवटीनं सुकुमारकडं खूण केली. सुकुमार गाडीचं दार उघडून उभा होता.

सोमवारी हायकोर्टाच्या व्हरांड्यात देवस्थळींनी आक्कांना बाकावर बसवलं आणि स्वतः समोर वाकून उभे राहिले. मोठ्या वकिलाला असं वाकलेलं मी फीसाठीसुद्धा पाहिलं नव्हतं.

"आजी, विचारतील तेवढंच बोलायचं. कमी बोलायचं."

"किती कमी?"

"हो किंवा नाही. बस्स."

"दहा-दहा दिवस एक शब्द न बोलता काढते मी. त्याची काळजी नको तुम्हाला."

ते खरं होतं, आणि मला चांगलं माहीत होतं. भाद्रपदात जैनांचं दशलक्षण पर्व असतं. ते दहा दिवस आक्का मौन धरायच्या, एकवेळ जेवायच्या आणि पहाटेपासून दिवेलागणीपर्यंत बस्तीत, म्हणजे त्यांच्या मंदिरात, बसायच्या. सप्टेंबरात ताळेबंदावर त्यांची सही लागायची, म्हणून मी पर्वाच्या तारखा दिवाळीच्या तारखांसारख्या पाठ ठेवायचो. मौन सुटल्यावर पहिला शब्द क्षमेचा काढायची त्यांची रीत. वर्षभरात कळत नकळत दुखावलं असेल तर क्षमा करा, असं त्या मलासुद्धा म्हणायच्या, आणि मग सही करायच्या.

देवस्थळी आत गेले. आक्कांनी सुकुमारला हाक मारली. मी दोन पावलांवर होतो. दूर जावं असं मला वाटलं नाही.

"सुकुमार, एक सांग. गेल्याच्या गेल्या साली, पर्वाच्या दिवसांत, माझ्या दाराचं कुलूप कुणी उघडलं होतं?"

"काय?"

"पर्वात. मी बस्तीत असताना."

सुकुमारनं टायची गाठ चाचपली. "आत्या, हे आत्ता काय काढलंस? आत पुकारा होईल."

"आठवतंय का, एवढंच विचारलं."

"नाही आठवत."

आक्का त्याच्याकडं पाहत राहिल्या. कासाराच्या दुकानात एखादी बाई घासाघीस करताना दुकानदाराला विचार करायला जेवढा वेळ देते, तेवढा वेळ त्यांनी दिला. मग म्हणाल्या, "बरं." आणि पदर सावरून उठल्या.

मला वाटलं, भीतीनं म्हातारीचं चित्त ठिकाणावर नाही.

कोर्टात मात्र त्या पिंजऱ्यात अशा उभ्या राहिल्या, जसं काही ती त्यांच्या माडीचीच खिडकी होती. शपथ घेतली. न्यायमूर्ती चष्मा काढून मराठीत बोलू लागले.

"बसून बोला हवं तर."

"उभी बरी आहे."

"ही कंपनी बंद झाली तर तुम्हाला किती पैसे मिळतील, कुणी सांगितलंय?"

"अकरा लाख. आमच्या हळब्यांनी पेन्सिलीनं काढून दाखवलंय."

मागच्या बाकावर कुणीतरी खोकलं. मी बूट पाहिले.

"आणि चालू राहिली तर?"

"चिवडा."

"चिवडा?"

"दिवाळीत कामगारांचा चिवडा मी करते, साहेब."

"म्हणजे नुकसानच की. मग संमती का देता?"

"अकरा लाख घरात ठेवायचे म्हणजे चांगलं कुलूप पाहिजे. ते करणाऱ्या कारखान्याला तुम्ही सील ठोकलंय."

हसू पिकलं. न्यायमूर्तीही हसले, पण त्यांचा हात कागदांवरून हलला नव्हता. त्यांनी फाइलीतून दोन पाकिटं काढून शिपायाकडून पुढं पाठवली.

"ही ओळखता?"

आक्कांनी पाकीट हातात धरलं, डोळ्यांपासून लांब नेलं आणि मोठ्यानं वाचलं. "घेण्यास नकार. सबब परत."

देवस्थळींनी हातातली पेन्सिल खाली ठेवली.

"तुम्हाला वाचता येतं," न्यायमूर्ती म्हणाले.

"सातवी फायनल. मिरज केंद्रात."

"अर्जात तर अशिक्षित लिहिलंय."

"वकिलांनी मला विचारलं नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं."

न्यायमूर्तींनी देवस्थळींकडं बघितलं. ते बघणं मला आजही आठवतं. अर्जातली एक गोष्ट खोटी निघाली होती. आता दुसरी निघाली, तर माधवनगर रस्त्यावरचे प्रेस, भट्ट्या, साचे, सगळं लिलावात जाणार होतं. आणि खोट्या प्रतिज्ञापत्रासाठी सुकुमारही कुठंतरी जाणार होता.

"वाचता येत असून परत का केलीत?"

"बंद पाकिटातलं कुणाला वाचता येतं, साहेब? आमच्या अण्णाचा हुकूम होता, रजिस्टर घ्यायचं नाही. तो उठवायला तो परत आला नाही."

न्यायमूर्तींनी पाकिटं परत मागवली. उलटीसुलटी केली. "हे दुसरं गेल्या जूनचं. आणि हे पहिलं, ज्यावरून सगळं घडलं, ते त्याच्या आधीच्या वर्षीचं. वीस सप्टेंबर." त्यांनी आक्कांकडं थेट पाहिलं. "नीट विचार करून सांगा. तुम्ही शपथेवर आहात. ही दोन्ही पाकिटं तुम्ही स्वतः परत केलीत?"

वीस सप्टेंबर.

हिशेबनिसाच्या डोक्यात तारीख पडली की आपोआप तिच्या शेजारच्या तारखा उजळतात. त्या वर्षी ताळेबंद तयार करून मी सगळा आठवडा हात बांधून बसलो होतो. सही मिळत नव्हती. पंचवीसला मिळाली, पहिल्या शब्दासोबत. वीस सप्टेंबर पर्वाच्या मधोमध पडत होती. त्या दिवशी माडीवर आक्का नव्हत्या. असत्या, तरी पोस्टमनशी बोलल्या नसत्या.

मी सुकुमारकडं पाहिलं. तो टायच्या टोकाकडं पाहत होता.

आक्काही त्याच्याकडंच पाहत होत्या. तेवढ्या वेळात मला पंख्याची कुरकुर ऐकू आली, लिक्विडेटरच्या माणसानं पान उलटल्याचं ऐकू आलं. एक 'नाही' म्हटलं की झालं असतं. त्यांचं नाव स्वच्छ, पेठेची तोंडं बंद, अकरा लाख पदरात. माझ्या पेन्सिलीच्या कागदावर दुसऱ्या बाजूला मांडायला काही उरलंच नव्हतं.

"दोन्ही मीच," आक्का म्हणाल्या.

न्यायमूर्तींनी चष्मा लावला. त्यांनी आणखी थोडं इंग्रजीत सुनावलं, बहुतेक देवस्थळींना. मग हुकूम सांगितला: कंपनी गुंडाळण्याचा आदेश रद्द, लिक्विडेटरनं कारखाना परत करावा, सगळा खर्च कंपनीनं सोसावा. एक वृद्ध स्त्री, जुन्या घरगुती शिस्तीची बळी, असं काहीसं त्यात आलं. आक्कांना इंग्रजी येत नव्हतं. मी त्याचं मराठी करून सांगितलं नाही.

हुकुमाची नक्कल घ्यायला सुकुमार मुंबईत थांबला. मंगळवारी सकाळी मी आणि आक्का कोयना एक्सप्रेसनं निघालो. पुण्यापर्यंत त्या जपमाळ ओढत होत्या. मी वर्तमानपत्र धरून बसलो होतो, एकच पान.

नीरेच्या आसपास पेरूवाला डब्यात आला. आक्कांनी दोन पेरू निवडले. त्यानं चार-चार चिरे देऊन तिखटमिठाच्या डब्यात बोटं घातली.

"माझ्या पेरूला मीठ नको," आक्का म्हणाल्या.

मी पान खाली केलं. ही बाई ताकात मीठ, काकडीला मीठ, मोसंबीलासुद्धा मीठ लावणारी.

"डॉक्टरांचं ऐकायला लागलात?"

"डॉक्टर कशाला. काल कोर्टातून आल्यावर सोडलं. जन्मभराचं." त्यांनी पेरूचा तुकडा तोडला, चावला, आणि तोंड जरासं वाकडं केलं. "तुम्हाला कळलंय ना, हळबे?"

"हो."

"कधी?"

"त्यांनी तारीख वाचली तेव्हा."

"मग उठून बोलला का नाही?"

"माझी फी धरलेली होती."

त्या खुदकन हसल्या आणि मग बाहेर बघत सांगू लागल्या, हलक्या आवाजात, पण बाजाराचं बोलावं तसं.

"बस्तीतून दिवेलागणीला आले. बघते तर कुलूप उलटं. किल्लीचं भोक माझ्याकडं. म्हटलं, याला अण्णानं शिकवलं ते हा विसरला. खालचा कासार म्हणाला, सुकुमारदादा साडीवाल्याला घेऊन आले होते, माडी दाखवत होते, दुकानाला बरी पडेल म्हणून. मी दहा दिवस घरी नसणार, हे त्याला माहीतच. दुसऱ्या दिवशी पहाटे बस्तीला निघाले तर कोपऱ्यावर पोस्टमन. म्हणाला, आक्का, काल तुमच्या इथलं रजिस्टर दादांनी सही राहायला नको म्हणून परत लावलं, मी आलोय हे कुठं बोलू नको म्हणाले. मौन होतं माझं. मान हलवली आणि गेले."

"आणि मौन सुटल्यावर?"

"पहिला शब्द क्षमेचा ना. सुकुमारला म्हटलं, काही दुखावलं असेल तर क्षमा कर बाबा. त्यानं केली." त्यांनी पेरूची बी दातात फोडली. "वाट बघितली मी, हा काय बोलतो म्हणून. नाही बोलला. साडीवाला मात्र परत आला नाही, भाव जमला नसेल. पुढं जूनमध्ये पोस्टमननं दुसरं आणलं. मी म्हटलं, मागचं दादांनी परत केलं, हेही कर. कंपनी त्याची, पाकीट त्याचं. ते दुसरं खरंच माझं."

"म्हणजे निम्मं खरंच बोललात."

"निम्मं खरं असं काही नसतं, हळबे. आणि निम्मं मीठ सोडता येत नाही." मग म्हणाल्या, "पहिलं पाकीट आलं तो दिवस आमच्यात उत्तम सत्याचा. दहा दिवसांतला प्रत्येक दिवस एकेका धर्माचा, तो सत्याचा. दिवसभर मी त्याचंच ऐकत बसले होते."

गाडीनं वेग घेतला. उसाचे मळे मागं जाऊ लागले.

"व्हरांड्यात त्याला विचारलं मी. हो म्हणाला असता, तर आत जाऊन काय बोलायचं ते दोघांनी मिळून ठरवलं असतं. वकिलाला काही सुचलं असतं. नाही म्हणाला. मग मला एकटीलाच ठरवावं लागलं."

"अकरा लाख होते, आक्का."

"अकरा लाखात पाटल्या पुष्कळ येतात. माझ्या पाटल्यांचा प्रेस अजून चालतोय. तो भंगारवाल्याच्या गाडीत चढताना बघायला मी कुठल्या खिडकीत उभी राहू?" त्यांनी दुसरा पेरू माझ्यापुढं केला. "खा. तुमच्याला मीठ लावलंय."

आता बहुतेकांचे हिशेब मिटलेत, म्हणून मांडतो.

पितळवाल्याला वाईट पत्र्याचे चांगले पैसे मिळाले, व्याजासकट. लिक्विडेटरनं खर्च वसूल केला, देवस्थळींनी फी घेतली, मी घेतली. हे सगळं कंपनीनं भरलं आणि दोन वर्षांत भरून काढलं. कामगारांचा बुडालेला पगार कंपनीनं अर्धा दिला, अर्धा त्यांच्या अंगावर पडला. अलिगढचं कुलूप त्या फाउंड्रीतल्या म्हाताऱ्यानं भट्टीत वितळवलं, ते कुणाच्याच खात्यावर नाही. पेठेत ठरलं ते असं: म्हातारीनं अकरा लाखासाठी कंपनी बुडवायला काढली होती, भाच्यानं कोर्टात नेऊन सरळ केली. आक्कांनी ते ठरू दिलं.

सुकुमारच्या नावासमोर काय लिहावं, मला बरेच दिवस कळत नव्हतं. माडी त्यानं विकली नाही, पाटी नव्यानं रंगवून दिली. दर पाडव्याला पहिलं कुलूप उघडून झालं की आक्का त्याला जेवायला वाढायच्या. मीठ सोडल्यापासून त्या स्वयंपाक करताना चव घेत नसत. अंदाजानं टाकायच्या. एका वर्षी आमटी खारट, एका वर्षी अळणी. कामगारांचा चिवडाही तसाच. कामगार जिना उतरल्यावर आपसांत हसायचे. सुकुमार खाली मान घालून ताट संपवायचा. मी दरवर्षी शेजारच्या पाटावर असायचो, आणि त्याला एकदाही मीठ मागताना ऐकलं नाही. ते त्याचं भरणं म्हणून मी धरतो. थोडं आहे, पण वेळच्या वेळी होतं.

उरल्या आक्का. त्यांनी सोडलेले अकरा लाख मी खर्चात धरत नाही, कारण ते त्यांनी कधी आपले मानलेच नव्हते. मीठ मात्र त्यांना फार आवडायचं.